मशीनला बोल लावण्याआधी

मैत्रिणींनो, घरात शिवणाचं मशीन असेल तर आधी एवढंच सांगा, त्याच्यावर सध्या काय ठेवलं आहे? इस्त्रीला द्यायचे कपडे, मुलांची दप्तरं, की प्लास्टिकच्या फुलांची फुलदाणी? मी कुणाकडे गेले की माझी नजर आधी मशीनकडे जाते, सवयच लागली आहे. बहुतेक घरी ते कोपऱ्यात, भरतकामाच्या रुमालाखाली गुपचूप उभं असतं. विचारलं की उत्तर ठरलेलं, "अहो, हौसेनं शिकायला घेतलं होतं, पण मशीनच बिघडलंय." जरा खोदून विचारलं की आवाज खाली येतो आणि मग खरं काय ते कळतं. "मला नाही हो जमत ते."

दुपारच्या वेळी आसपासच्या बायका माझ्याकडे शिवण शिकायला येतात. क्लास म्हणावा असं काही नाही. दोन मशिनं, एक सतरंजी आणि मध्ये चहा. पण इतक्या जणींना सुरुवात करताना पाहिल्यावर एक गोष्ट माझ्या पक्की ध्यानात आली आहे. शिवण सोडणारी बाई कापड चुकीचं बेतलं म्हणून सोडत नाही. बेतण्यापर्यंत ती पोचतच नाही! ती सोडते पहिल्या पंधरा दिवसांत, आणि कारण असतं खाली गुंतलेला दोरा. चार बोटं टीप बरी जाते, मग घर्रकन आवाज होतो, कापड जागच्या जागी अडकतं, आणि उलटून पाहावं तर खाली दोऱ्याचं घरटं. नेमकं तेव्हाच घरातलं कुणीतरी म्हणतं, "तुला कुणी सांगितलाय हा उद्योग? शिंप्याकडे टाक की." झालं! मशीनवर रुमाल पडतो तो कायमचा.

म्हणून ब्लाउज कसा बेतावा, हे मी आज सांगत नाही. काही शिकवण्यांत पहिल्याच दिवशी खाकी कागदावर कटोरी ब्लाउजचं ड्राफ्टिंग काढायला लावतात, ते मला मुळीच पटत नाही. जिला सरळ टीप घालता येत नाही तिला मुंढ्याची गोलाई घेऊन काय करायचं? आधी मशीनशी ओळख होऊ द्या.

यंत्रांना विरोध करणारे म्हणून आपण गांधीजींना ओळखतो. पण १९२४ साली एका संवादात त्यांनी शिवणाच्या मशीनचा मुद्दाम अपवाद केला होता. बायको हातानं टाके घालून थकते हे सिंगरला पाहवलं नाही आणि त्या प्रेमापोटी त्यानं मशीन तयार केलं, असा त्यांचा समज होता. आयझॅक सिंगरला १८५१ साली पेटंट मिळालं हे खरं. पण त्याच्या आधी, १८४६ साली, एलायस होवनं दोन दोऱ्यांच्या टाक्याचं पेटंट घेतलेलं होतं. आणि सिंगर काही तसा मायाळू नवरा नव्हता बरं का! ते असो. आपल्या कामाचा आहे तो दोन दोऱ्यांचा टाका. सगळी मेख तिथेच आहे.

वरचा दोरा सुईबरोबर खाली जातो, बॉबिनच्या दोऱ्याला वळसा घालतो आणि दोघांची गाठ कापडाच्या दोन थरांच्या मध्ये बसते. दोन्हीकडून ओढ सारखी असली की टीप वरून-खालून एकसारखी दिसते. वरची ओढ जास्त झाली तर बॉबिनचा दोरा वर डोकावतो. वरची ओढ नाहीशी झाली तर वरचा दोरा खाली सैल लोंबतो, त्याचे फास होतात, आणि तेच ते घरटं. म्हणजे पाहा, गुंता दिसतो खाली, पण दोष असतो वर! आणि आपण काय करतो? खालची डबी बाहेर काढतो, तिचा बारकासा स्क्रू पिळतो, आणि चांगलं चाललेलं मशीन खरोखरच बिघडवून ठेवतो. त्या स्क्रूला पहिली दोन-तीन वर्षं तरी हात लावू नका.

गुंता झाला तर कापड खेचू नका. कात्रीनं खालचे दोरे कापा, कापड मोकळं करा, वरचा दोरा पूर्ण काढून टाका आणि पहिल्यापासून ओवा. मात्र ओवताना कापड दाबणारा पाय वर उचललेला हवा. ही एक गोष्ट बायकांना कुणी सांगतच नाही! पाय वर असला की टेन्शनच्या दोन चकत्या सैल असतात आणि दोरा त्यांच्या मध्ये नीट जाऊन बसतो. पाय खाली असताना ओवलात तर चकत्या मिटलेल्या, दोरा नुसता कडेवर टेकून राहतो आणि त्याला ओढच मिळत नाही. तसंच हाताचं चाक आपल्याकडे फिरवून वरखाली होणारी दांडी सगळ्यात वर आणा आणि तिच्या भोकातून दोरा घालायला विसरू नका. मग खालचा दोरा वर काढायचा, दोन्ही दोरे चार-चार इंच मोकळे ठेवून पायाखालून मागे न्यायचे आणि पहिले तीन-चार टाके पडेपर्यंत बोटांनी धरून ठेवायचे. एवढं केलंत तर दहांतली नऊ घरटी व्हायचीच नाहीत.

आमच्या समोरच्या बिऱ्हाडातल्या वहिनींचं मशीन असंच भंगारात निघालं होतं. काळं, सोनेरी वेलबुट्टीचं पायमशीन. आई गेल्यावर माहेराहून आलेलं. त्या माउलीनं त्याच मशीनवर लोकांचे परकर-पोलकी शिवून तीन मुलांची शिक्षणं केली. लेकीला मात्र कधी मशीनला हात लावू दिला नाही. "तू अभ्यास कर, हे माझ्यापुरतं राहू दे," म्हणायची. त्यामुळे वहिनींना मशीनची माया फार, पण ओळख काहीच नाही. चाक फिरेना, फिरलं तर दोरा गुंते. भाऊजी म्हणाले, हे भंगारात देऊ, तुला मोटरचं नवं घेऊ. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. भंगारवाल्यानं वजनावर भावही सांगून ठेवला होता. तेव्हा वहिनी माझ्याकडे येऊन म्हणाल्या, "द्यायच्या आधी एकदा तुम्ही बघा तरी."

पाहिलं. आदल्या कुणीतरी त्यात खोबरेल सोडलेलं! मैत्रिणींनो, खोबरेल, गोडेतेल मशीनला कधीही घालू नका. काही महिन्यांत ते डिंकासारखं चिकट होतं. मशीनचं पातळ तेल वेगळं मिळतं, तेच घ्यायचं. वरच्या बारीक भोकांत आणि खाली जिथे लोखंडावर लोखंड घासतं तिथे एकेक थेंब पुरतो. सुईखालची पत्र्याची पट्टी दोन स्क्रू काढून उचलली तर दात्यांमध्ये तंतूंची गादी जमलेली. जुन्या दातांच्या ब्रशनं ती झाडली, तेल घातलं, रात्रभर तसंच ठेवलं. सकाळी पुन्हा तेल, पुन्हा थोडं थोडं चाक फिरवणं. तिसऱ्या दिवशी चाक बोटानं फिरायला लागलं. तेल घातल्यावर आधी चिंधीवर टिपा घालायच्या, नाहीतर नव्या कापडावर डाग ठरलेलाच.

मशीन सुटलं, पण खरी पंचाईत पुढेच होती. डबीतल्या बॉबिनवर आईनं भरलेला निळा दोरा तसाच होता. तो काढायला वहिनी तयार होईनात. मी दोऱ्याचं टोक दोन हातांत धरून हलकेच ओढलं, तर कट्कन तुटलं. जुना दोरा असाच होतो, उन्हात राहिलेला तर फारच लवकर. दोरा वापरण्याआधी ही ओढून पाहण्याची परीक्षा नेहमी करावी. तशा दोऱ्यानं शिवणं शक्यच नव्हतं. मग मी म्हटलं, वहिनी, दोरा कशाला काढता? बॉबिन काही महाग नसते, नवी आणा. तशी त्यांनी आणली, आणि आईची बॉबिन निळ्या दोऱ्यासकट मशीनच्या खणात ठेवून दिली. अजूनही आहे. फक्त एक सांगते, बॉबिन विकत घेताना जुनी बरोबर न्यावी. केसभर उंच किंवा बुटकी आली तरी डबीत अडते.

मोटरचा विषय निघालाच आहे तर सांगून टाकते. जुन्या पायमशीनला नंतर मोटर बसवून घेता येते. पण शिकणारीनं आधी पायानंच शिकावं असं माझं मत आहे. पाय थांबला की सुई थांबते आणि घाबरायला होत नाही. घरी मोटरचंच मशीन असेल तर पायाखालचं बटण अगदी हलकं दाबून एकेक टाका घालायची सवय करा. पायमशीनवर पहिले दोन दिवस दोरा नको, कापड नको. कापड दाबणारा पाय उचलून ठेवा, म्हणजे खालचे दाते त्याच्यावर घासणार नाहीत. पट्टा चढवा, चाकाला आपल्या बाजूला हलकासा झोका द्या आणि पायडल चालवा. चाक नेहमी आपल्याकडेच फिरलं पाहिजे. उलटं गेलं की दोरा तुटलाच. डाळ शिजेपर्यंतची पंधरा मिनिटं रोज एवढंच केलंत तरी पाय आपोआप ताल धरतो. बसण्याआधी पदर कमरेला खोचा आणि लांब वेणी मागे टाका. काम झालं की पट्टा चाकावरून उतरवून ठेवा. घरात लहान मूल असेल तर हे विसरून चालणारच नाही.

मग मुलांच्या जुन्या वहीचं रेघांचं पान घ्या. बिनदोऱ्याच्या, जुन्या सुईनं त्या रेघांवरून भोकं पाडत जायचं. सुई जुनीच घ्या, कारण कागदानं धार जाते. नवशिकी बाई सुईकडे टक लावून बसते आणि म्हणून टीप नागमोडी जाते. नजर सुईवर नको, कापडाच्या कडेवर हवी. सुईपासून अर्ध्या इंचावर पत्र्याच्या पट्टीवर रंगीत चिकटपट्टीचा तुकडा लावा आणि कापडाची कड त्या पट्टीला लावून सोडत राहा. कापड पुढून ढकलू नका, मागून तर मुळीच ओढू नका. पुढे न्यायचं काम खालच्या दात्यांचं आहे, आपले हात फक्त दिशा दाखवायला. मागून ओढलं की सुई वाकते, पत्र्यावर आपटते आणि तुटते. कोपरा आला की सुई कापडात रुतलेली ठेवून पाय उचला, कापड वळवा, पाय खाली टाका आणि पुढे चला.

सुईबद्दल बायका फार कंजुषी करतात! सुई तुटेपर्यंत बदलायची नाही असाच जणू नियम आहे. कापडात शिरताना टक् टक् आवाज येतो, टाके सुटतात, कापडाचा धागा ओढला जातो. हे सगळं बोथट सुईचं लक्षण. दोन-तीन कपडे झाले की बदलून टाका. मलमल, व्हॉइलसारख्या तलम कापडाला ११ नंबर, रोजच्या सुती कापडाला आणि पॉपलीनला १४, आणि जाड पडदे किंवा जीनला १६. टी-शर्टचं ताणलं जाणारं कापड असेल तर गोल टोकाची बॉलपॉइंट सुई मागा. सुईच्या दांड्याची एक बाजू चपटी असते. जुन्या काळ्या मशीनवर ती बहुतेक करून डावीकडे येते आणि दोरा उजवीकडून डावीकडे ओवतात. नव्या मशीनवर चपटी बाजू मागे आणि दोरा पुढून मागे. शंका आली तर सुईवरून नख फिरवा. लांब खाच ज्या बाजूला लागेल, त्या बाजूनं दोरा आत जातो. सुई वर टेकेपर्यंत सरकवूनच स्क्रू आवळा. आणि दुकानात 'घरच्या मशीनची' म्हणून मागा. कारखान्यातल्या मशीनची सुई गोल दांड्याची असते, ती आपल्याकडे चालत नाही.

आता राहिलं टेन्शन. मशीनचं म्हणते मी, आपलं नव्हे! वर लाल दोरा ओवा, बॉबिनवर पांढरा भरा आणि दुहेरी सुती चिंधीवर टीप घाला. वरच्या बाजूला पांढरे ठिपके दिसले तर वरची ओढ जास्त आहे, चकतीचा आकडा जरा कमी करा. खालच्या बाजूला लाल दिसला तर आधी दोरा पुन्हा ओवा, मग सुई बदला, आणि तरीही दिसला तरच आकडा वाढवा. तोही अर्ध्या अर्ध्यानं. साध्या सुती कापडाला इंचाला १०-१२ टाके ठीक, जाडाला ८. उसवायचीच आहे अशा कच्च्या टिपेला ६ पुरेत.

हल्ली मुली मोबाइलवर पाहून शिकतात. छानच आहे, आमच्या वेळी हे नव्हतं. पण मोबाइलमधली बाई तुमचा दोरा चकतीत बसला आहे की नाही हे पाहू शकत नाही. ते तुमचं तुम्हालाच वाकून पाहावं लागतं.

पहिला कपडा कुठला शिवाल? २०२० साली टाळेबंदीत कितीतरी घरांतली झाकलेली मशिनं मास्कसाठी उघडली, आठवतं ना? बचत गटांतल्या बायकांनी गावोगाव मास्क शिवले. त्यांतल्या अनेकींना तोवर फक्त सरळ टीप येत होती. सरळ टिपेवर तेवढं होतं! मी मात्र उशीच्या अभ्र्यापासून सुरुवात करायला लावते. जुनी चादर मध्ये विरते, पण कडेला चांगली दणकट असते. तो कडेचा भाग घ्या. उशी १६ इंच रुंद आणि २४ इंच लांब असेल तर १७ इंच रुंद आणि ५६ इंच लांब असा एकच पट्टा कापा. दोन्ही आखूड टोकांना एकेक इंच दुमडून टीप घाला. पट्टा सुलट बाजू वर करून पसरा. दोन्ही टोकं मधोमध आणून एकमेकांवर सहा इंच चढवा, म्हणजे लांबी बरोबर २४ इंच राहील. दोन्ही बाजूंनी अर्ध्या इंचावर सरळ टीप, टोकाला दोन-तीन टाके मागेपुढे, आणि उलटून घ्या. बटण नको, नाडी नको. टाचण्या लावल्या असतील तर सुई जवळ येण्याआधी एकेक काढत जा. आणि कापडाची कात्री वेगळी ठेवा. दुधाची पिशवी कापायला ती कुणालाही द्यायची नाही, नवऱ्यालासुद्धा!

असे चार-सहा अभ्रे, मग भाजीची पिशवी, मग नेफ्याचा सरळ परकर, आणि त्यानंतर मुलींच्या फ्रॉकची दुमड सोडून लांबी वाढवणं. शाळेच्या गणवेशाची लांबी घरी वाढवता आली तरी वर्षाचा एक मोठा खर्च पुढे ढकलला जातो. त्याची किंमत तुम्हाला मी सांगायला नको. वहिनींच्या घरी आता गणवेशाचं सगळं आईच्या मशीनवर होतं, आणि भाऊजींची फाटकी पँटसुद्धा त्याच मशीनखाली जाते. ते आता भंगाराचं नाव काढत नाहीत.

ब्लाउजची घाई करू नका, पण मन आवरतच नसेल तर एक सोपी वाट सांगते. अंगाला नीट बसणारा, पण बाहीत विरलेला एखादा जुना ब्लाउज सगळा उसवा. तुकडे पाण्याचा हात लावून इस्त्रीनं सपाट करा आणि तेच नव्या कापडावर ठेवून खडूनं आखा. उभा धागा उभाच राहील असं पाहा. आडवं कापलं तर पाठ चार धुण्यांत सैल पडते. आणि माया सोडा. काखेखाली दोन्ही बाजूंना निदान एकेक इंच. पूर्वीच्या बायका मुलीच्या कपड्यात दोन-दोन इंच माया सोडायच्या, वर्षावर्षाला एकेक टीप उसवत जायच्या. तयार कपड्यात ती सोय फारशी नसते. आपण शिवलेल्यात ठेवता येते, आणि बाळंतपणानंतर तिचा किती उपयोग होतो हे तुम्ही जाणताच.

एक मात्र नक्की करा. सुती कापड आणि त्याचं अस्तर दोन्ही बेतायच्या आधी भिजवून, वाळवून घ्या. कापडापेक्षा अस्तर जास्त आटतं आणि मग पहिल्या धुण्यातच ब्लाउज आतून गोळा होऊन बसतो. दोष शिवणारणीच्या माथी येतो तो उगाच. तेव्हा अस्तर आणून ठेवलं असेल तर आज रात्रीच बादलीत टाका. उद्या दुपारपर्यंत वाळेल, इस्त्री करून बेतायला घेता येईल.